कागदावांचून मासिक

मासिक म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम उभा राहतो तो कागद. मुखपृष्ठ, त्यावरचें चित्र, पोस्टाचा शिक्का, आणि वर्षअखेरीस रद्दीवाल्याच्या तराजूंत पडणारा गठ्ठा. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत यांपैकीं कांहींहि नसलेलें असें एक मासिक जन्माला आलें आहे. तें आंतरजालावर निघतें, तेथेंच वाचलें जातें, आणि पुष्कळदां तेथेंच नाहींसें होतें. कथा, कविता, चित्रें, छायाचित्रें, टीका हा सगळा संसार त्यांत असतो. संपादक असतो, क्वचित् दोन-तीन असतात; पगार मात्र बहुधा कोणालाच नसतो. काळ बरा असला तर अशा मासिकाची फारशी विचारपूस होत नाहीं. काळ वाईट आला, म्हणजे युद्धाचे, दंगलींचे, बंदीहुकुमांचे दिवस आले, कीं दोन प्रकारचे लोक त्याच्याविषयीं एकदम उत्सुक होतात : ज्यांना कांहीं बोलावयाचें असतें ते, आणि दुसऱ्यांनीं बोलूं नये असें ज्यांना वाटतें ते. अशा दिवसांत कोणाच्याहि दावणीला न बांधलेलें वाङ्मय व कला यांचें मासिक चालवावयाचें म्हणजे काय करावें लागतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय नवा भासतो. पण तो तितका नवा नाहीं. कागदावांचून वाङ्मयीन मासिक काढण्याचा एक प्रयोग १९४२ सालीं होऊन गेला. तोहि नभोवाणीवर, आणि तोहि आपल्याच देशांतील श्रोत्यांसाठीं. त्या प्रयोगाकडे वळण्यापूर्वीं त्याच वेळीं, त्याच लंडन शहरांत, कागदावर निघत असलेल्या एका मासिकाची हकीकत सांगितली पाहिजे. कारण दोन्ही शेजारीं ठेवल्यावांचून मुद्दा नीट उमगत नाहीं.

१९३९ हें साल इंग्रजी वाङ्मयीन नियतकालिकांना वाईट गेलें. 'क्रायटेरियन' आणि 'लंडन मर्क्युरी' हीं दोन प्रतिष्ठित नियतकालिकें युद्ध सुरू होण्यापूर्वींच मिटलीं होतीं. सप्टेंबरांत युद्ध आलें. अशा वेळीं सिरिल कॉनली या टीकाकारानें नवें मासिक काढण्याचें ठरविलें. त्याचें नांव 'होरायझन', म्हणजे क्षितिज. आणि नांवाखालीं वाङ्मय व कला यांचें समालोचन असें स्पष्ट लिहिलेलें. पहिला अंक जानेवारी १९४० चा. पैसा पीटर वॉटसन यांचा. मार्गारीन या कृत्रिम लोण्याच्या धंद्यांत त्यांच्या वडिलांनीं मोठी संपत्ति मिळविली होती, आणि पुत्राला चित्रकलेचा नाद होता. चित्रांच्या पानांवर त्यांची नजर असे. मजकुराचा कारभार त्यांनीं कॉनली यांच्यावर सोंपविला. पैसा देणारा पैसा देऊन स्वस्थ बसतो, ही घटना वाङ्मयाच्या इतिहासांत इतकी विरळा आहे कीं ती मुद्दाम नोंदवून ठेवावी.

पुढें १९४० च्या एप्रिलांत जर्मनीनें नॉर्वेवर स्वारी केली, आणि कागदाच्या कारखान्यांना लागणारा लांकडाचा लगदा येण्याची वाट तुटली. कागदाची वांटणी सरकारच्या हातीं गेली. युद्धापूर्वीं ज्यानें जितका कागद वापरला असेल त्याच्या ठराविक टक्के त्याला मिळावा, असा नियम झाला, आणि नवीं नियतकालिकें काढण्यास बंदी आली. 'होरायझन' त्या बंदीच्या अगोदर निघालें होतें म्हणून तरलें. जॉन लेमन यांनीं आपलें 'न्यू रायटिंग' पेंग्विन कंपनीच्या आश्रयाला नेलें. त्या कंपनीचा पूर्वीचा खप मोठा, म्हणून तिच्या वांट्याचा कागदहि मोठा. २९ डिसेंबर १९४० च्या रात्रीं बाँबवर्षावानें पॅटर्नॉस्टर रो हा लंडनचा पुस्तकांचा जुना बाजार जळाला आणि लक्षावधि पुस्तकांची राख झाली. इतकें होऊनहि 'होरायझन' दहा वर्षें चाललें. सतरा वर्षांच्या ल्यूशियन फ्रॉइडचें रेखाचित्र त्यानें १९४० सालीं छापलें. राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवरील ऑर्वेल यांचा सुप्रसिद्ध निबंध त्यांतच एप्रिल १९४६ मध्यें आला. आणि १९४८ च्या फेब्रुवारींत एव्हलिन वॉ यांची एक अख्खी लघुकादंबरी त्यानें एकाच अंकांत दिली.

तुटवड्याचा एक गुण त्या मासिकाच्या अंकांतून दिसतो. पानें मोजकीं, म्हणून निवड कडक. आज जालावरील संपादकापुढें याच्या उलट अडचण आहे. त्याला जागा कधींच अपुरी पडत नाहीं. चाळीस कविता आल्या तर चाळीसहि लावतां येतात, आणि 'नाहीं' म्हणण्याला कागदाची सबब उरत नाहीं. कवि मित्र असेल तर मग पाहावयासच नको! अमुक तारखेला अंक निघेल, त्यांत इतकेच लेख असतील, अशी मर्यादा ज्यानें स्वतःवर घालून घेतली नाहीं, त्याचें मासिक वर्षभरांत मासिक न राहतां कोठार होतें.

आतां तो कागदावांचूनचा प्रयोग. 'होरायझन'मध्यें वरचेवर लिहिणारे जॉर्ज ऑर्वेल १९४१ च्या ऑगस्टांत बी. बी. सी. च्या पौर्वात्य विभागांत नोकरीस लागले. हिंदुस्थानांतील, विशेषतः महाविद्यालयांतील श्रोत्यांसाठीं इंग्रजी भाषणें जुळवून आणणें हें त्यांचें काम होतें. त्याखेरीज ते युद्धाचीं साप्ताहिक बातमीपत्रें लिहीत, आणि त्यांचीं भाषांतरें मराठी, गुजराथी, बंगाली, तामिळ अशा भाषांतून ऐकविलीं जात. लंडनहून मराठींत ऐकूं येणाऱ्या बातमीपत्रांचे मूळ लेखक पुष्कळदां हे गृहस्थ असत, याची कल्पना त्या वेळच्या फारच थोड्या श्रोत्यांना असेल. त्याच कचेरींत कोल्हापूरजवळच्या शिरोळच्या वेणू चितळे काम करीत. युद्धकाळांत लंडनमधून मराठी आवाज ऐकविणाऱ्यांत त्या होत्या, आणि पुढें १९५० सालीं त्यांची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली.

ऑर्वेल यांच्या मनांत आलें कीं नव्या मासिकाला कागद मिळत नाहीं तर तें हवेंतच काढावें. त्याचें नांव त्यांनीं 'व्हॉइस', म्हणजे आवाज, असें ठेविलें. पहिला अंक ११ ऑगस्ट १९४२ रोजीं, सहावा आणि शेवटचा २९ डिसेंबरला. याला कागद नको, छापणारा नको, विकणारा नको. थोडीशी वीज आणि पांच-सहा कंठ एवढ्यावर भागतें, अशा आशयाचें प्रास्ताविक त्यांनीं प्रथम केलें. विल्यम एम्सन, हर्बर्ट रीड, मुल्कराज आनंद, जमेकाच्या कवयित्री युना मार्सन हे त्यांत भाग घेत, टी. एस. एलियट येऊन गेले. या कार्यक्रमाच्या वेळचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत ध्वनिक्षेपकाभोंवतीं एलियट, ऑर्वेल, एम्सन, आनंद, सिलोनचे तमिळ कवि तंबिमुत्तु, पुढें आकाशवाणीचे महासंचालक झालेले नारायण मेनन आणि आपल्या वेणू चितळे अशी मंडळी एकत्र दिसते.

या प्रयोगाची रचना लक्षांत घेण्यासारखी आहे. पांच-सहा जण संपादकाच्या टेबलाभोंवतीं बसले आहेत, या अंकांत काय घ्यावें याविषयीं बोलणें चाललें आहे, एकजण एखादी कविता सुचवितो, दुसरा ती वाचून दाखवितो, तिसरा तिच्यावर शंका काढतो, असा देखावा शब्दांनीं उभा केलेला असे. हें संभाषण आधींच लिहून काढलेलें असे, हें खरें. परंतु त्यामागचा विचार पक्का होता. निवेदकानें नांव सांगितलें आणि कविता वाचली, तर ती अधांतरीं लोंबकळते. ऐकणारा संकोचून उठतो आणि रेडिओची कळ फिरवितो. तीच कविता चार जाणत्यांच्या बोलण्यांतून पुढें आली कीं तिला बैठक मिळते. माझ्या मतें मासिक या वस्तूचा खरा प्राण येथें आहे. कागद हें त्याचें शरीर. पण कोणी तरी निवडलें, कोणाच्या तरी शेजारीं ठेविलें, त्यावर कोणी तरी भांडलें, आणि ठरलेल्या दिवशीं तें पुन्हा येणार आहे, एवढ्यानें मासिक होतें. १९४३ सालीं बडोद्याहून निघालेल्या 'अभिरुचि'पाशीं फार पैसा नव्हता. पण तिच्याभोंवतीं अशी बैठक होती. बा. सी. मर्ढेकर नभोवाणीच्या नोकरींत होते. त्यांच्या नव्या कवितेला आपल्या पानांत जागा देण्याची हिंमत त्या मासिकानें दाखविली. त्याच मर्ढेकरांच्या 'कांहीं कविता' या १९४७ च्या संग्रहावर पुढें अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांतून ते निर्दोष सुटले, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या हिंमतीची किंमत कळते.

परंतु 'व्हॉइस'ची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. पहिल्या अंकाची तारीख पुन्हा आठवा : ११ ऑगस्ट १९४२. मुंबईत ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींना अटक होऊन त्यांना पुण्यास आगाखान महालांत ठेवलें होतें. देशभर गोळीबार आणि धरपकड चालली होती. त्या मंगळवारीं लंडनहून हिंदी श्रोत्यांना इंग्रजी कवितेवरील रसाळ चर्चा ऐकविण्यांत आली. ऑर्वेल यांना परिस्थितीची जाणीव नव्हती असें नाहीं. त्या आठवड्यांतील त्यांच्या रोजनिशींत या अटकांची नोंद आहे, आणि हिंदुस्थानासंबंधीं वरून आलेल्या धोरणविषयक सूचनांबद्दल उघड तिटकारा आहे. पण रोजनिशींतलें वाक्य ध्वनिक्षेपकापुढें उच्चारतां येत नव्हतें. प्रत्येक संहिता दोन तपासण्यांतून जाई, एक सुरक्षेची आणि एक धोरणाची. आणि कोणी लिहिल्याबाहेर बोलूं लागला तर कळ दाबून आवाज बंद करण्याची सोय असे. १९४३ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं ती नोकरी सोडली. राजीनाम्याच्या पत्रांत त्यांनीं वरिष्ठांवर दोषारोप केला नाहीं. ज्याचें फळ दिसत नाहीं अशा कामांत आपला वेळ आणि लोकांचा पैसा जातो आहे, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें.

याच महिन्यांत खुद्द मुंबईत दुसरी एक नभोवाणी बोलत होती. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांचें गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र २७ ऑगस्ट १९४२ रोजीं सुरू झालें, जागा बदलीत बदलीत चाललें, आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनीं पकडलें. तें वाङ्मयाचें मासिक नव्हतें, हें उघड आहे. परंतु तुलनेसाठीं तें उपयोगी पडतें. 'व्हॉइस'ला छप्पर होतें, मोकळीक नव्हती. काँग्रेस रेडिओला मोकळीक होती, छप्पर नव्हतें. त्याचें आयुष्य अडीच महिन्यांचें ठरलें. 'होरायझन'ला दोन्ही लाभलीं, तीं एका श्रीमंत आणि समंजस माणसामुळें. असा माणूस सगळ्यांना मिळत नाहीं. मुल्कराज आनंद लंडनहून परतल्यावर त्यांनीं १९४६ सालीं मुंबईत 'मार्ग' हें कलाविषयक नियतकालिक काढलें, तेव्हां टाटांचा हात पाठीशीं होता म्हणूनच उत्तम छपाईचें तें महागडें काम उभें राहिलें.

मग ज्याला वॉटसनहि नाहीं आणि टाटाहि नाहीं, त्यानें काय करावें? जालावरील मासिकाचा मोठा लाभ हा कीं येथें खर्च खाली आला आहे. कागद, शाई, पोस्ट हीं तिन्ही गेलीं. मासिकाच्या नांवाचें वार्षिक भाडें, संगणकसाठ्याचें भाडें आणि लेखक-चित्रकारांचें मानधन एवढेंच उरतें. आणि दुःखाची गोष्ट अशी कीं काटकसर करण्याची वेळ आली म्हणजे या तिहींपैकीं मानधनच प्रथम कापलें जातें. याबाबत कॉनली यांची एक युक्ति आजहि उपयोगी पडण्याजोगी आहे. वाचकाला एखादा लेख फार आवडला तर त्यानें लेखकाला थेट बक्षिसी पाठवावी, असें आवाहन 'होरायझन'मध्यें असे. शंभर पौंडांहून जास्त देऊं नये, कारण त्यानें लेखकाचें शील बिघडेल. आणि अर्ध्या क्राउनहून कमी देऊं नये, कारण त्यानें वाचकाचें बिघडेल, अशी त्याला मिस्कील पुस्ती जोडलेली होती. आपल्याकडे २०१६ पासून मोबाईलवरून पांच-पन्नास रुपये क्षणांत पाठविण्याची सोय झाली आहे. दहा हजार रुपये देणारा एक दाता आणि पन्नास रुपये देणारे दोनशें वाचक, यांत बेरीज सारखीच. पण दाता रुसला तर मासिक बंद पडतें, वाचक एकदम दोनशें रुसत नाहींत.

परवानगीचा प्रश्न मात्र कागदाबरोबर गेला नाहीं. तो रूप बदलून उभा आहे. छापण्यापूर्वीं तपासणारा अधिकारी आज बहुतेक ठिकाणीं नाहीं. त्याऐवजीं छापल्यानंतरचा गिल्ला आहे, आणि तो बाहेरूनच येतो असें नाहीं. न्यूयॉर्कचें 'गर्निका' हें २००४ सालीं सुरू झालेलें जालावरील मासिक स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालत आलें आहे. गाझांतील युद्ध चालू असतां मार्च २०२४ मध्यें त्यानें इस्रायलमधील एका अनुवादिकेचा निबंध प्रसिद्ध केला. तो आक्षेपार्ह आहे असें म्हणून संपादकवर्गांतील अनेकांनीं राजीनामे दिले. मासिकानें निबंध काढून घेतला, आणि खेद वाटतो, सविस्तर खुलासा मागून करूं, एवढेंच त्या जागीं लिहिलें. दुसऱ्या एका नियतकालिकानें तो निबंध लगेच पुन्हा छापला. निबंध घ्यावयास हवा होता कीं नव्हता, याबद्दल प्रामाणिक मतभेद होऊं शकतो. परंतु प्रसिद्ध केलेली वस्तु दोन ओळींत गुप्त करणें हें मला छापण्यापेक्षां अधिक गैर वाटतें. कागदावर हें शक्यच नव्हतें. तेथें पुढच्या अंकांत प्रतिवाद छापावा लागे, आणि वाद वाचकांच्या देखत होई. जालावर पान बदलणें इतकें सोपें आहे कीं न बदलण्याचा नियम संपादकानें शांततेच्या दिवसांतच लिहून ठेवावा : लेख कोण निवडणार, आक्षेप कोणाकडे करावयाचा, दुरुस्ती झाली तर ती तारखेसह कशी नोंदवावयाची. भांडण पेटल्यावर केलेला नियम कोणालाच पटत नाहीं.

तारच तुटली तर काय, हाहि प्रश्न आहे. काश्मीरमध्यें ५ ऑगस्ट २०१९ पासून आंतरजाल बंद झालें. तें जानेवारी २०२० अखेर मंदगतीनें सुरू झालें, आणि पूर्ण गति फेब्रुवारी २०२१ मध्यें मिळाली. इतके दिवस जालावरील मासिकाचा तेथला संपादक काय करणार, आणि वाचक तरी काय वाचणार?

आतां जतनाविषयीं, कारण जालावरील मासिकाचें खरें दुबळेपण येथें आहे. पॅटर्नॉस्टर रो जळाला तेव्हां गुदामांतल्या प्रती गेल्या. पण लोकांच्या कपाटांतल्या राहिल्या. 'अभिरुचि'चे अंक आजहि जुन्या ग्रंथालयांतून सांपडतात. जालावरील मासिकाच्या सगळ्या वाचकांपाशीं मिळून एकहि प्रत नसते. सगळे एकाच प्रतीकडे डोकावत असतात. २००० सालीं निघालेलें 'थ्री ए. एम.' हें इंग्रजी वाङ्मयीन मासिक जुलै २०१२ मध्यें एकाएकीं नाहींसें झालें, तें कोणी बंदी घातली म्हणून नव्हे, तर ज्याच्या यंत्रावर तें ठेविलें होतें त्यानें यंत्र बंद केलें म्हणून. बारा वर्षांचें काम गेलें असें वाटलें. सुदैवानें थोड्या दिवसांत तें परत मिळालें. हाँगकाँगच्या 'ॲपल डेली' या दैनिकाचें दैव इतकें चांगलें नव्हतें. २४ जून २०२१ रोजीं त्याचा शेवटचा अंक निघाला, आणि त्याचें जालावरील घरहि मिटलें. जुनें लेखन वांचविण्यासाठीं वाचकांनीं त्याच्या नकला उतरवून ठेवल्या, म्हणून कांहीं शिल्लक राहिलें.

आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानें छापील पुस्तकाच्या प्रती कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि इतर नेमलेल्या ग्रंथालयांस पाठविणें प्रकाशकावर बंधनकारक आहे. पुढें वृत्तपत्रें व नियतकालिकेंहि त्यांत आलीं. पण तो कायदा छापील वस्तूंचा. मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांत २०१७ सालीं सुरू झालेलें 'हाकारा' घ्या, किंवा जालावर निघणारे दिवाळी अंक घ्या. त्यांना ग्रंथालयाच्या फडताळापर्यंत पोहोंचविणारी वाट कायद्यानें आंखून दिलेली नाहीं. ती संपादकालाच पाडावी लागते. प्रत्येक अंक निघतांच त्याची नक्कल अमेरिकेंतील इंटरनेट आर्काइव्हसारख्या सार्वजनिक संग्रहांत टाकावी. एक नक्कल निराळ्या शहरांतील निराळ्या माणसाजवळ द्यावी. मासिकाच्या नांवाचें भाडें कोणाच्या खात्यांतून जातें हें किमान दोघांना ठाऊक असावें, कारण संपादक आजारी पडल्यामुळें भाडें थकून नांवच दुसऱ्याच्या हातीं जाण्याचा संभव असतो. आणि वर्षाकाठीं निवडक मजकूर कागदावर उतरवून त्याच्या आठ-दहा प्रती बांधून चार ग्रंथालयांना द्याव्या. हें काम कंटाळवाणें आहे, यांत शंका नाहीं. चित्रांच्या बाबतींत तर तें खर्चाचेंहि आहे. पडद्यावर झळाळणारें चित्र कागदावर तसेंच्या तसें उतरत नाहीं, आणि चित्रकाराची अनुमति निराळी घ्यावी लागते.

'व्हॉइस'चें पुढें काय झालें, तें सांगावयाचें राहिलें. त्याचा आवाज उरला नाहीं. ऑर्वेल यांच्या कंठाचें एकहि ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाहीं, त्यांनीं बी. बी. सी. मध्यें दोन वर्षें काढलीं तरीहि नाहीं. उरल्या त्या संहिता. तपासणीसाठीं प्रत्येक शब्द आधीं टंकलिखित करून द्यावा लागे, म्हणून त्या कागदावर आल्या, आणि बी. बी. सी. च्या कॅव्हरशॅम येथील दप्तरांत पडून राहिल्या. डब्ल्यू. जे. वेस्ट यांनीं त्या शोधून काढल्या आणि १९८५ सालीं पुस्तकरूपानें छापल्या. कागदाची बचत करून निघालेलें तें मासिक त्रेचाळीस वर्षांनंतर वाचकांच्या हातीं आलें तें कागदावरच. आणि तें ज्या पानांवरून छापलें गेलें तीं पानें दोन्ही तपासण्यांसाठींच टंकलेलीं होतीं.